चेहऱ्याला रिपीट नसतो

तुम्ही कधी आरशासमोर उभं राहून अर्ध्या तोंडावर पाटी धरून पाहिलीय का? आधी डावी बाजू झाका, मग उजवी. दोन वेगळी माणसं दिसतील. एक भोळं, एक बेरकी! मला हे चाळिशी आली तेव्हा कळलं, आणि तेसुद्धा मिल बंद पडली म्हणून.

शिलाई मशीनखाली कतरण साठते ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक दिवस झाडू मारायला घ्यावं तर टोपलीभर निघतात, आणि मग फेकवत नाहीत. माझ्याकडची टोपली आमच्या पुढच्या खोलीतली आहे.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, परदेशीपुऱ्यात, आमच्या घराची ही खोली थेट रस्त्यावर उघडते. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत एकेका मिलचा भोंगा गप्प होत गेला, तसा आमच्या मिलचाही झाला. आमचे हे तिथे डिझाइन खात्यात होते. चादरी, पडदे, वायलच्या साड्या, त्यांच्यावरची फुलं हे काढायचे. यांना वसंतराव म्हणून सगळा मोहल्ला ओळखायचा, पण यांची फुलं कोण ओळखणार? लोक त्यांच्यावर झोपत होते!

मिल बंद झाल्यावर त्या खात्यातली तीन माणसं आमच्या खोलीत येऊन बसली. एक हे. दुसरे साठेसाहेब, खात्याचे हेड. शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. तिसरे करीमभाई, रंग मिसळणारे. त्यांचं एकही बटण कधी धड नसे. फुलं आता कुणालाच नको होती. तेव्हा तिघांनी ठरवलं, चेहरे काढायचे. साठेसाहेब मोजणार, करीमभाई रंग कालवून देणार आणि ब्रश यांच्या हातात. बाहेर पाटी लागली, ‘यहाँ ऑइल पोर्ट्रेट बनते हैं’. करीमभाईंनी खाली आपल्या मनानं आणखी दोन शब्द जोडले, ‘बोलते हुए’.

साठेसाहेब चिडले. “करीम, बोलते हुए म्हणजे काय? चित्र बोलत नसतं. दिसतं तेवढंच काढायचं!”

“साहब, दिखता तो कैमरे को भी है!”

हे भांडण पहिल्या दिवशी सुरू झालं आणि चहाबरोबर रोज चालू राहिलं. माझं काम चहाचं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, मला त्यातलं काय कळणार? पण कान तर होते!

आणि एक चौथा माणूस होता, माझा धाकटा भाऊ विलास. शिकून पुण्याहून इकडे आलेला, पिथमपूरच्या एका नव्या कारखान्यात ऑफिसात. त्यानं तिथं यांच्यासाठी स्टोअरमधल्या जागेचा शब्द टाकला होता. जागा दिवाळीनंतर रिकामी व्हायची होती. कारखान्याची बस रोज सकाळी आमच्या चौकातूनच जायची. “जिजाजी, चेहरे काढून घर चालतं का? युनिफॉर्म आहे, कँटीन आहे, बस दारात येते,” असं तो दर रविवारी सांगून जायचा. दोन मुलींच्या शाळा होत्या. खरं सांगते, मलाही त्याचं पटायचं. आणि हे गेले की खोली बंद, हे साठेसाहेबांना आणि करीमभाईंनाही ठाऊक होतं. हे फक्त म्हणायचे, “दिवाळीपर्यंत बघू.”

*

पहिलं काम मल्हारगंजातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचं. त्यांचे वडील वारले होते. पासपोर्टएवढा फोटो, त्यावरून मोठं चित्र.

आता मिलची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. मिलमध्ये फूल कधी पूर्ण काढत नाहीत. मधोमध रेघ मारायची, डावी बाजू काढायची, ट्रेसिंग पेपरवर घ्यायची, कागद उलटा करायचा, उजवीकडे उतरवायची. झालं फूल! त्याला हे लोक रिपीट म्हणतात. यांच्या हाताला तीच सवय. फोटोतल्या आजोबांची डावी बाजू अगदी मन लावून काढली, आणि उजवी आपोआप आली.

व्यापारी चित्र न्यायला आले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “भिया, सब ठीक है. पर बाऊजी के गाल पे मस्सा तो एक था!”

चित्रात दोन चामखिळी होत्या. एक इकडे, एक तिकडे, अगदी समोरासमोर!

साठेसाहेबांनी चष्मा लावून तपासलं आणि मान हलवली. “रिपीट बरोबर बसलाय.”

हे तर लाजेनं लाल झाले. तेवढ्यात करीमभाई पुढे झाले, व्यापाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सेठ, आपके बाऊजी बरकत वाले आदमी थे!”

व्यापारी हसले म्हणून बरं. आठ दिवसांची मुदत देऊन गेले. त्या संध्याकाळी यांनी मला खुर्चीत बसवलं, मोठीची पाटी घेतली, आणि अर्धा चेहरा झाकून झाकून माझं तोंड पाहत बसले. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, “सुमन, तू डाव्या बाजूनं रागावतेस आणि उजव्या बाजूनं माफ करतेस.”

“मग तुम्ही उजवीकडेच बसत जा,” मी म्हटलं.

*

साठेसाहेबांकडे एक कर्कटक होतं, शाळेच्या कंपासपेटीतलं नाही, चांगलं वीतभर लांबीचं. समोर बसलेल्या माणसाच्या दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, ओठ ते हनुवटी, सगळं ते त्यानं घ्यायचे. टोकं अगदी चेहऱ्याजवळ न्यायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून बसायचं.

स्नेहलतागंजातले एक वकीलसाहेब स्वतःचं चित्र काढून घ्यायला आले. साठेसाहेब बराच वेळ त्यांचं नाक मोजत राहिले. वकील डोळे तिरके करून म्हणाले, “साहेब, नुसतं मोजताय, की रजिस्ट्रीही करून घेताय?”

साठेसाहेब हसले नाहीत. म्हणाले, “हलू नका. हद्द सरकते.”

वकिलांच्या सौभाग्यवतीही बसल्या होत्या. जाताना हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “यांना थोडं गोरं करायला सांगा ना. फोटोवालेसुद्धा करतात.” मी बिचारी आत जाऊन निरोप सांगितला. मिलमध्ये डिझाइन मंजूर झालं की मागे ‘पास’ असा शिक्का बसायचा, आणि पास झालेल्या मालाला मग खुद्द हेडसाहेबही हात लावत नसत. त्यांचा तो धर्मच होता. साठेसाहेब बाहेर आले, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, “वहिनी, रंग वरूनच पास होऊन आलाय. पास मालात आम्ही हात घालत नाही.”

वकीलसाहेबांनी ते ऐकलं. आजही ते चित्र त्यांच्या बैठकीत आहे, तेवढंच सावळं. अशील आले की ते स्वतः दाखवतात, “यह पास माल है!”

*

करीमभाईंचं म्हणणं उलटं. “नाक नाप से नहीं बनती भाभी, नखरे से बनती है.” गिऱ्हाईक समोर बसलं की ते स्टूल ओढून त्याच्याजवळ बसायचे आणि गप्पा सुरू करायचे. चेहऱ्यावर भाव आला की यांना खूण करायची, मग यांनी भराभर ब्रश चालवायचा.

एक पहिलवान आले. नावाजलेले, आता आखाडा चालवणारे. मिशांना पीळ, छाती ही एवढी. पण स्टुलावर बसले की चेहरा दगड! हे हात चोळत बसले. करीमभाईंनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, खाण्यापिण्याच्या काढल्या, पहिलवान ढिम्म. मग करीमभाई सहज म्हणाले, “उस्ताद, कौन सी कुश्ती आज भी याद आती है?”

पहिलवान म्हणाले, “जो हारी.”

आणि सांगायला लागले. समोरचा पोरगा त्यांचाच शागीर्द होता म्हणे. पकड जमली होती, पण त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात ढिला पडला. सांगता सांगता त्या दगडाचे ओठ थरथरले. करीमभाईंनी खूण केली, यांनी ब्रश उचलला.

चित्र झालं. पहिलवानांनी पाहिलं आणि भडकले. “ये क्या बनाया? मोहल्ले में क्या मुँह दिखाऊँगा? ये तो रो रहा है!”

त्यांची बायको मागे उभी होती, बुटकीशी, डोक्यावर पदर. ती वाकून चित्राजवळ गेली आणि एकदम टाळी वाजवली. “हाय राम, ये तो वो ही हैं! बाहर वाले को तो मैं पहचानती भी नहीं!”

पहिलवान चित्र बगलेत मारून मुकाट्यानं घरी घेऊन गेले. साठेसाहेबांनी त्या दिवशी एकच शब्द काढला. “हं.” त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे करीमभाईंना बक्षीसच!

*

बापट नावाचे एक बँकेतले साहेब पुण्याहून बदली होऊन आले होते. अतिशय शुद्ध बोलायचे. त्यांना प्रमोशन मिळालं म्हणून त्यांनी स्वतःचं चित्र काढून घेतलं.

चित्र पोचवायला करीमभाई गेले, सायकल रिक्षात बसून, चित्र मांडीवर उभं धरून. रंग ओला होता, म्हणून वर कपडा नव्हता. आणि करीमभाईंचा चेहरा गंभीर, कारण गचका बसला तर चित्राला बोट लागायचं.

आता आपल्याकडे मोठं ऑइलचं चित्र कोणाचं होतं? जो गेला त्याचं! बापटांच्या गल्लीत रिक्षा शिरली, लोकांनी चित्र पाहिलं, करीमभाईंचं तोंड पाहिलं, आणि एकानं टोपी काढली. बापटवहिनी दिवसभरासाठी बाहेर गेलेल्या. घराला कुलूप. घरमालकांनी “अरे अरे, अभी तो आए थे बेचारे” म्हणत ओट्यावर चित्र ठेवून घेतलं, सतरंजी टाकली. कुणी हारही घेऊन आलं. करीमभाईंना वाटलं, प्रमोशनचा सत्कार आहे! तेही बसले.

संध्याकाळी बापटसाहेब बँकेतून आले. अंधारून आलेलं, ओट्यावर दहा-बारा माणसं मान खाली घालून बसलेली. ते हळूच चप्पल काढून शेवटच्या माणसाजवळ बसले आणि कुजबुजले, “कोण गेलं?”

त्या माणसानं न पाहताच सांगितलं, “ऊपर वाले बापट साहब. बड़े सज्जन थे. बस, बोलते बहुत थे.”

दुसऱ्या दिवशी बापटसाहेब स्वतः आमच्याकडे आले. आम्हाला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, “चित्र उत्तम आहे. लोकांचा अभिप्रायही ऐकायला मिळाला. फक्त हार तेवढा परत करतोय.”

*

हसून घेतलंत? आता हा ऐका.

महूच्या एका घरातली मुलगी आली, सुजाता कांबळे. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. तिचे आजोबा फौजेत सुभेदार होते. फोटो एकच, अख्ख्या पलटणीचा. त्यात आजोबांचा चेहरा मसुराच्या डाळीएवढा. घरात त्यांना पाहिलेलं माणूस एकच उरलं होतं, तिची आजी.

साठेसाहेबांनी भिंग लावलं, कर्कटक ठेवलं आणि हात टेकले. “वसंता, यात मोजायला काही नाही.” साठेसाहेबांनी हार मानल्याचं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

मग आजींना आणलं. करीमभाईंनी आपलं स्टूल त्यांच्याजवळ सरकवलं. “अम्मा, साहब हँसते थे?”

“न्हाई. फौजेतला माणूस हसतो व्हय?” मग थोड्या वेळानं, “मिशीत हसायचे. मिशीच्या आतल्या आत. दुसऱ्याला कळायचं न्हाई.”

यांनी आठवडाभर ती मिशी काढली आणि पुसली. हसू दिसलं की आजी म्हणायच्या, “एवढं न्हाई.” पुसलं की म्हणायच्या, “गेलं.” साठेसाहेब शेवटी वैतागून म्हणाले, “अहो, जे मिशीखाली झाकलेलं आहे ते रंगवायचं कसं?”

हे म्हणाले, “डोळ्यांत.” आणि मिशी तशीच ठेवून डोळ्यांखाली एकेक बारीक सुरकुती ओढली. दोन्हीकडे सारखी नाही हं! डावीकडे जरा जास्त.

आजी आल्या. चित्राकडे पाहिलं. आणि एकदम डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून नातीच्या मागे सरकल्या. सुजातानं विचारलं, “आजी, बरोबर आहे का?”

आजी तिच्या कानात बोलल्या, पण ऐकू आम्हाला सगळ्यांना आलं. “त्यास्नी सांग, पाहुण्यांम्होरं असं हसू नये.”

त्या दिवशी मी चहात साखर टाकायची विसरले. सगळे तो तसाच प्यायले.

*

त्याच सुमारास शहरात नवनवी दुकानं निघत होती. काचेच्या भिंती, आत गारवा. अशाच एका दुकानदाराला कपडे धुण्याच्या मशीनसाठी मोठा बोर्ड हवा होता. मशीन आणि तिच्याजवळ उभी असलेली गृहिणी. तो म्हणाला, “लेडी हॅपी दिखनी चाहिए. एकदम हॅपी!”

मॉडेल कुठून आणायची? मीच! नवी साडी नेसून गव्हाच्या कोठीवर हात ठेवून उभी राहिले. कोठी म्हणजे मशीन.

“भाभी, ज़रा मुस्कुराओ.” मी हसले. साठेसाहेब म्हणाले, “हे दात आहेत. हसू नाही.”

“भाभी, सोचो, मशीन घर आ गई!” मी विचार केला. आमचा नळ तर दिवसातून एकदा यायचा. मशीन आली तर तिच्यात पाणी कोण भरणार? मीच! चेहरा आणखी उतरला.

विलास त्या दिवशी तिथंच बसला होता, म्हणाला, “ताई, समज जिजाजींना पिथमपूरला नोकरी लागली.” मी पुन्हा हसले. करीमभाईंनी मान हलवली. “नहीं. ये तो शुक्रिया वाली हँसी है.”

हे इतका वेळ ब्रश धरून उभे होते. हळूच म्हणाले, “सुमन, समज, आत्ता भोंगा वाजला.”

एवढंच. मिलचा भोंगा! माझे कान उभे राहिले, हात आपसूक यांच्या जेवणाच्या डब्याकडे गेला, आणि चेहऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही. कळलं ते यांचा ब्रश सर्रकन चालल्यावर. विलाससुद्धा खाली बघायला लागला.

बोर्ड चौकात लागला आणि कितीतरी वर्षं राहिला. बायका थांबून थांबून पाहायच्या. एकदा भाजीच्या ठेल्याशी दोघी बोलत होत्या, आणि मी मागेच उभी.

“देख, मशीन आने से औरत कितनी खुश हो जाती है!”

“हौ, तभी तो मैं इनको बोल रही हूँ!”

मी वांगी घेतली आणि घरी आले.

*

दिवाळी झाली. विलास येऊन सांगून गेला, “जिजाजी, सोमवारी सकाळी बस चौकात तुमच्यासाठी थांबेल. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, हॉर्न देईल. नाही बसलात तर जागा दुसऱ्याला. ताई, तू तरी समजाव.”

आणि त्याच वेळी शेठजींच्या घरचं काम आलं होतं. शेठजी म्हणजे आमच्याच मिलचे मालक, थोरले. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती; मिल बंद पडली ती मुलांच्या काळात. मुलांनी नवा बंगला बांधला, त्याच्या हॉलसाठी वडिलांचं मोठं चित्र हवं होतं. मोहल्ल्यात कुणीकुणी टोमणे मारले, “वसंतभाई, जिसके घर का ताला अपने को लगा, उसी को सजाओगे?” हे म्हणाले, “थोरल्यांनी कुलूप लावलं नव्हतं.”

आम्हाला माहीत होतं, यावर सगळं आहे. चित्र पसंत पडलं तर त्यांच्या नात्यागोत्यातली मोठमोठी घरं, सगळ्या घरांतून कामं. नाही पडलं तर सोमवारची बस.

फोटो मुलानं दिला. कुठल्यातरी समारंभातला, हात जोडलेले, गालभर हसू. “बिलकुल ऐसा ही चाहिए. सेम टू सेम.” साठेसाहेबांनी केसाइतकाही फरक पडू दिला नाही. शनिवारी मुलगा येऊन पाहून गेला. “ओके है. कल माँजी आएँगी, देख लें तो उठवा लेंगे.”

पास झालं! करीमभाई जिलबी घेऊन आले. मी देवापुढे दिवा लावला. फक्त हे खात नव्हते. चित्राकडे बघत बसले होते.

“काय झालं?” साठेसाहेबांनी विचारलं.

“साहेब, हे शेठजी नाहीत. हा फोटो आहे.”

“मग? फोटोच तर मागितलाय.”

“तुम्हाला आठवतं साहेब? ते आपल्या खात्यात यायचे. नवा नमुना हातात घ्यायचे आणि खिडकीशी जायचे. आपल्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. नव्या थानाचं कापड उजेडात धरून बघायचे. तेव्हाचा चेहरा आठवतो? एक भुवई वर, ओठ मिटलेले. आणि मधेच, नमुना आवडला तर...”

“आठवतो,” साठेसाहेब म्हणाले. “पण वसंता, माल पास झालाय! पास झालेल्या मालाला हात लावायचा नाही. तीस वर्षं मी तुला हेच शिकवलं. आणि कापड काढणार कुठं? चित्र तर छातीपर्यंतच आहे. कापड दिसणारच नाही!”

“नसेना का दिसत.”

“मग जे दिसतच नाही ते...” साठेसाहेबांचा आवाज चढला. “तुझी नोकरी आहे सोमवारी. आमचं काय? मी म्हातारा, मी घरी बसेन. या करीमनं काय करायचं?”

करीमभाई जिलबीचा कागद घडी करत होते. म्हणाले, “मेरा नाम मत लो साहब. मैं तो रंग घोल रहा हूँ.” आणि खरंच रंग घोटायला बसले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मुलींच्या फिया दिसत होत्या, विलास दिसत होता, बस दिसत होती. पण यांचा चेहराही दिसत होता. डावी बाजू घाबरलेली होती. उजवी नव्हती. मी म्हटलं, “चहा टाकते.”

रविवारी सकाळपासून हे उभे होते. जोडलेले हात झाकून कोटाची बाही आली. हसू गेलं. एक भुवई वर गेली. डोळे खाली वळले, चित्राच्या चौकटीबाहेर, जिथं काहीच नव्हतं. साठेसाहेब दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसले होते. एकदाही वळले नाहीत.

ऊन उतरताना गाडी आली. पांढऱ्या साडीतल्या शेठाणी, मुलाचा हात धरून. वय झालेलं, एकेक पायरी थांबून चढल्या. मुलानं चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. “ये क्या है? कल तो हाथ जोड़े हुए थे! मैंने ओके किया था! किससे पूछ के बदला?”

यांनी ब्रश बाजूला ठेवला.

शेठाणींनी मुलाचा हात सोडला. दोन पावलं पुढे गेल्या. मान वाकडी करून चित्राकडे पाहिलं, मग जिथं शेठजी पाहत होते तिकडे, खाली, चौकटीच्या बाहेर पाहिलं. मग पुन्हा वर.

“माँ, चलो. मना कर देते हैं,” मुलगा म्हणाला.

त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. आणि आमच्या कुणाकडे न पाहता, अगदी घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

“कौन सा थान देख रहे हैं?”

मग साठेसाहेब खुर्चीतून उठले. वरचं बटण चाचपलं. चित्राजवळ आले आणि हात मागे बांधून म्हणाले,

“वायल है, माँजी. गर्मी का माल. पास कर रहे हैं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बस चौकात आली. हे दारात उभे राहून दात घासत होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, थोडा वेळ थांबला, पुन्हा दिला आणि निघून गेला.